अंधारातली ओळख

"दार लावा! आधी दार लावा!"

अंधारातून आलेल्या त्या आवाजानं रत्नमाला इतकी दचकली, की दार लावायच्या गडबडीत ती स्वतःच आत राहिली. बाहेर सप्टेंबरचं आभाळ गच्च दाटलेलं, आणि आत तर डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना.

"सॉरी… सरिता मॅडमनी पाठवलं. प्रोजेक्टसाठी."

"आणि दारावरचा लाल दिवा?"

"मला वाटलं, लाइटचं बटण चालू राहिलंय."

अंधार चक्क हसला.

"सकाळपासूनचं काम वाया घालवलंत तुम्ही. आता पुन्हा सुरू केलंय, त्यामुळं हे संपेपर्यंत बाहेर जाता येणार नाही. मी अंगद. डावीकडं स्टूल आहे. डावीकडं हो… तुमच्या डावीकडं!"

रत्नमालाचा गुडघा टेबलावर आपटला होता.

विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात क्वांटमचं काम तेव्हा नुकतंच रुजत होतं. सरिता मॅडमनी विभागातल्या दोन रिकाम्या खोल्या मागून घेतल्या होत्या, खिडक्या काळ्या करून घेतल्या होत्या. चितेगावच्या एका कारखान्यात फिटर असलेल्या बापाचा मुलगा अंगद तिथं पीएचडी संपवत आला होता. रत्नमाला पाचोडकडची. घरी मेंढरं, एमएस्सीपर्यंत पोहोचलेली घरातली ती पहिलीच.

"काय करताय तुम्ही नेमकं?" तिनं अंधाराला विचारलं.

"प्रकाशाचा एकेक कण पलीकडच्या खोलीत पाठवतोय. त्यावरून गुप्त निरोपाची किल्ली तयार होते. मधेच कुणी चोरून पाहिलं, तर तो कण बदलतो. चोरी लगेच कळते."

"माणसांसारखंच की. कुणी बघतंय म्हटलं की बदलतात."

"तुम्ही बदलता?"

"अंधारात तुम्हाला काय कळणार!"

नंतर कँटीनमध्ये उजेडात समोरासमोर बसले, तेव्हा मात्र दोघांनाही बोलायला सुचेना. तो सावळा, उंच, शर्टाच्या बाहीवर सोल्डरिंगचा डाग. ती कपातल्या चहाकडंच बघत राहिली… आणि तो तिच्याकडं. दुसऱ्या दिवशी लाल दिवा लागायच्या आधीच ती लॅबमध्ये हजर होती.

हिवाळाभर ते आरसे जुळवत बसले. केसभर सरकलं तरी सगळं बिघडायचं. तिची बोटं स्थिर, त्याची घाई फार. "हळू," ती म्हणायची. "मेंढराच्या पायातला काटा काढायचा म्हणजे असाच श्वास धरावा लागतो." 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

मार्चमध्ये पहिल्यांदा अंगदनं पलीकडच्या खोलीतून निरोप पाठवला. मॅडम, सगळे विद्यार्थी रत्नमालाच्या पडद्याभोवती जमले. किल्ली लागली, अक्षरं उलगडली — 'चहा घेणार?'

मॅडम खळखळून हसल्या. रत्नमालाचे कान तापले.

त्यानंतर ऑस्ट्रियातल्या एका प्रयोगशाळेनं अंगदला बोलावलं. तीन वर्षांसाठी. आणि त्यानं नाही म्हणून टाकलं.

मॅडमनी रत्नमालाला बोलावून घेतलं. आता तिचीही पीएचडी तिथंच सुरू झाली होती.

"आपल्याकडचं पहिलंच पोरगं तिकडं चाललं होतं," मॅडम म्हणाल्या. "तिथली यंत्रं आपल्याला अजून बघायलाही मिळालेली नाहीत. तो शिकला तर मागच्या पोरांना रस्ता होईल. त्याच्या 'नाही'चं कारण… तू आहेस का?"

ती उठून थेट अंगदला शोधायला निघाली.

अंगद जिन्यात भेटला. बाहेर पाऊस नुसता रिपरिपत होता.

"का नाही म्हणालास?"

"तुला माहितीये."

"तू जा, अंगद."

"तू थांब म्हण. आयुष्यभर थांबतो."

"म्हणूनच म्हणत नाय."

त्याचा चेहरा पडला. "म्हणजे तुझ्या मनात काहीच नव्हतं… व्हय ना?"

ती गप्प राहिली. एक शब्द निघाला असता, तर त्यापाठोपाठ 'थांब'ही निघालं असतं. तो खाली उतरून गेला. त्याच आठवड्यात त्यानं होकार कळवला, आणि नंतर लॅबमध्ये दोघं फक्त कामापुरतं बोलत राहिले. एवढ्याशा खोलीत किती लांब बसता येतं, ते तिला तेव्हा कळलं.

ऑगस्टमध्ये तो निघाला. स्टँडवर मुंबईची बस लागली होती. त्याचे आई-वडील सामान ठेवून घेत होते, तेवढ्यात ओढणी डोक्यावर धरून ती चिखलातून आली. केस, पापण्या, सगळं ओलं.

"आलीस?" तो एवढंच म्हणाला.

"सांगायला आले. त्या दिवशी बोलले असते तर तू गेलाच नसतास." तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "तू मला लई आवडतोस, अंगद. पहिल्या दिवशी स्टूल सापडत नव्हतं, तेव्हापासून."

त्यानं बाहीनं डोळे पुसले. "आणि हे आत्ता सांगतेस?"

"आत्ताच सांगता येतं. विमानाच्या तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत ना."

रडता रडता तो हसला. "तीन वर्षं, रत्ना. वाट बघशील?"

"तसला शब्द देत नाय मी. तूही देऊ नकोस. दिलेल्या शब्दाच्या ओझ्यानं परत येऊ नकोस. यावंसं वाटलं तर ये."

त्यानं तिचा ओला हात क्षणभर दोन्ही हातांत धरला. कंडक्टरनं बेल मारली.

बस गेल्यावर ती विद्यापीठात आली. नव्या बॅचची श्रेया आरशांपाशी खोळंबली होती. तिला संध्याकाळपर्यंत सगळं नीट शिकवलं. मग होस्टेलच्या खोलीवर पोहोचते न पोहोचते तोच आईचा, बानाबाईचा, फोन आला.

"गेला का गं त्यो पोरगा?"

"कोण पोरगा, आई?"

"आता मला इचारतीस? दर फोनला ज्याचं नाव घेतीस, त्यो."

रत्नमाला फोन कानाशी घट्ट धरून खाटेवर बसली. पलीकडं कुठंतरी कोकरू ओरडत होतं.

"रड माय," बानाबाई म्हणाली. "मी ठेवत नाय फोन."