पिकायची वाट

“बघायचंच न्हाई तर आलीस कशाला, आक्का?”

उजवीकडून आवाज आला आणि केशरच्या काळजाचं पाणी पाणी झालं... झिलू! चार वर्षांनी त्या तोंडून ‘आक्का’ ऐकलं होतं तिने. आई गेल्यावर ज्याला कडेवर वाढवलं, ज्याच्यापायी स्वतःच्या लग्नाचा विषयही काढू दिला नाही, तो धाकटा भाऊ हाताच्या अंतरावर उभा होता, आणि कुंभारवाड्याहून सकाळची एकमेव बस पकडून रामनगरला त्याच्याच ओसरीवर येऊन बसलेली ही वेडी समोरच्या रिकाम्या अंगणाकडे बघत होती!

“हितं हायस व्हय तू?” ती मान वळवत, हात चाचपडत म्हणाली.

चार वर्षांपूर्वी, झिलूच्या लेकीच्या बारशाच्या दिवशी हेच तर झालं होतं. त्याची बाळंतीण बायको पूर्णिमा बाजूने पाया पडायला वाकली, आणि केशर तिचा हात तुडवून तशीच पुढे गेली. मुलगी झाली म्हणून नणंदेने तोंड फिरवलं, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. झिलूने त्याच आठवड्यात घर सोडलं. केशर मात्र गप्प राहिली! कडेचं दिसत नाही म्हटलं असतं, तर नुकती लागलेली नोकरी सोडून तो तिला दवाखान्यांतून फिरवत बसला असता. शिवाय शेजारणी सांगत होत्या, मोतीबिंदू आहे, पिकू दे, पिकल्यावरच काढतात. आणि बिचारी फणसाची बघावी तशी वाट बघत राहिली...

“मोतीबिंदू नव्हता रे तो. काचबिंदू! बेळगावच्या डाक्टरीणबाई म्हणाल्या, ह्यो पिकत न्हाई, गुपचूप कडेकडेनं खात येतोय. गेलेलं परत येत न्हाई. उरलंय तेवढं थेंब घालून राखायचं, एक दिवस चुकवायचं न्हाई.” ती त्याच्या आवाजाच्या दिशेने सरकली. “पर मी रडगाणं गायला न्हाई आले. आपली आईबी शेवटी भिंतींना धडकायची, तू ल्हान हुतास, मला आठवतंय. रक्तात असतंय म्हणे. सख्ख्या भावाला आणा म्हणाल्या. माझ्यावर जन्मभर राग धर, झिलू... पर डोळे दाखीव!”

दारातून पूर्णिमाचा कापरा आवाज आला. “म्हणजे तवा... मी तुम्हांला दिसलेच न्हाई, वन्सं?”

“तू वाकलीवतीस, हे मला मागनं लोकांनी सांगितलं गं बाई!”

पूर्णिमाने पदर तोंडात कोंबला. झिलू ओसरीवर तिच्याजवळ येऊन बसला.

“मला का न्हाई सांगितलंस, आक्का?”

“तू धावत आला असतास. म्हणून.”

पुढच्या सोमवारी तिघं बेळगावला गेली. झिलूच्या डोळ्यांत दाब वाढलेला निघाला, पण नजर अजून शाबूत होती. वेळेत आलात, थेंब न चुकता घाला, डाक्टरीणबाई म्हणाल्या. ते ऐकून केशर बाकावर बसल्या बसल्या लहान मुलीसारखी हमसून हमसून रडली.

“माझे वाचले, आक्का... आणि तुझे?” झिलू तिच्या अगदी समोर, गुडघ्यांवर बसला.

त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून ती बघू लागली. सगळा चेहरा एकदम तिच्या नजरेत मावत नव्हता. आधी कपाळ दिसलं. मग भुवया, मग पांढरी होऊ लागलेली मिशी... चार वर्षांची भूक होती ती!

“चल की आता, बस चुकंल,” तो रडत रडत म्हणाला.

“हलू नकोस रे,” ती म्हणाली, “अजून हनुवटी ऱ्हायलीया.”