रजेतला पत्ता

लांबलचक सुट्टीवरून परतलेला माणूस ओळखायचा असेल तर त्याच्या हातातल्या किल्ल्या पाहाव्यात. दाराची कुठली आणि कपाटाची कुठली, हे तो हमखास विसरलेला असतो. मी मात्र त्या सकाळी पहिल्याच झटक्यात बरोबर किल्ली लावली. दार आधीच उघडं होतं.

आमची पाणी तपासणीची प्रयोगशाळा. शहराच्या चौदा टाक्यांचे नमुने रोज येतात. ते दोन दिवस इन्क्युबेटरमध्ये ठेवायचे, मग तपासून रजिस्टरात लिहायचं, पिण्यास योग्य किंवा अयोग्य. दोन दिवस वाट बघत बसण्याइतका रिकामटेकडा मी कधीच नव्हतो. पाणी स्वच्छ दिसतंय ना, मग लिहा योग्य आणि व्हा मोकळे! त्या दिवशी तर मला भलतीच घाई होती. प्रमुख निवृत्त झाले होते, त्यांची खुर्ची मला मिळणार होती. अट एकच, सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी दहाच्या आत रुजू व्हायचं. एका दिवसाचा जरी खंड पडला तरी खुर्ची माझ्या खालच्याला जाणार होती. नऊ वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

माझ्या रजेत अकरा दिवस बंद असलेल्या खोलीत धूळ हवी. नव्हती. बाटल्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या, लेबलं सगळी एका बाजूला. रजिस्टर उघडं होतं आणि सुट्टीचे अकराही दिवस भरलेले होते. गोल, टपोरं, गिरवल्यासारखं अक्षर. ते ओळखायला मला चष्मा लावावा लागला नाही. कासवरावचं अक्षर होतं ते.

कासवराव माझ्या शेजारच्या टेबलावर बसायचा. हे नाव मीच ठेवलेलं. दोन दिवस म्हणजे त्याचे पुरते दोन दिवस, आणि हात धुवायचे तर कोपरापर्यंत. त्याच्या चालण्याची, जेवण्याची, बोलण्याची मी अशी काही टर उडवली की लोक त्याचं खरं नाव विसरून गेले. वर 'कामात चेंगट' म्हणून त्याची लेखी तक्रारही केली. तो कधी उलटून बोलला नाही. गेल्या वर्षी याच सुट्टीत त्याने रजा घेतली आणि त्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी पहिल्याच दिवशी पुढच्या सहा दिवसांचे रकाने भरून टाकले, योग्य, योग्य, योग्य, आणि घरी जाऊन ताणून दिली. सातव्या दिवशी तो नऊ नंबरच्या टाकीत सापडला. सहा दिवस तो त्या पाण्यात होता, आणि सहा दिवस शहर ते पाणी पीत होतं. पाय घसरला असेल, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो. मला वाईट वाटलं नाही, भीती वाटली, कुणी रजिस्टर पाहील याची. कुणी पाहिलं नाही.

यंदा माझ्या अर्जात 'रजाकाळात काम कोण पाहील' हा रकाना भरायचा राहिला होता. हेडक्लार्क म्हणाला, "लिहा हो काहीतरी, कोण वाचतंय!" मी लिहिलं, कासवराव. आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो.

"मावशी, हे कुणी भरलं?" मी विचारलं. बाटल्या धुणाऱ्या मावशी दारात उभ्या होत्या.

"ज्यांना काम दिलं होतंत, त्यांनी."

"चेष्टा पुरे."

"चेष्टा तुम्ही करता साहेब, आम्हाला कुठली जमायला? ते आत हात धुताहेत."

आतल्या मोरीत नळ वाहत होता. बारीक धारेने, संथ. मी वाट पाहिली. धार थांबेना.

मी तडक हेडक्लार्ककडे गेलो. या वेळी तो हसला नाही.

"रुजू कसं करून घेऊ तुम्हाला? ज्याने काम पाहिलं त्याने ते परत दिल्याची सही लागते."

"अहो, तो मेलाय!"

"मग त्याचं नाव कशाला लिहिलंत?"

भिंतीवरचं घड्याळ दहाला पाच कमी दाखवत होतं. वर्षभर त्या खुर्चीची स्वप्नं पाहिली होती मी.

तेवढ्यात मावशी आल्या. त्यांच्या हातात एक घडी घातलेला कागद होता. कडा ओल्या होत्या.

"त्यांनी दिलाय. तुमची सही हवी म्हणाले. सावकाश वाचून करा म्हणाले."

सावकाश! दहाला तीन कमी होते. मी कागद हिसकावला, खालची फुली पाहिली आणि सही ठोकली. हेडक्लार्कने शिक्का मारला.

"नीट वाचलंत ना?"

"वाचलं, वाचलं. झालो ना रुजू?"

कागद त्याने माझ्याकडे फिरवला.

तो रुजू अहवाल नव्हताच. रजेचा अर्ज होता. माझ्या नावाचा, आजपासूनचा.

काम कोण पाहील, कासवराव.

रजेतला पत्ता, टाकी क्रमांक नऊ.

"गेल्या वर्षी त्याने हाच पत्ता लिहिला होता," हेडक्लार्क म्हणाला. त्याने फाइलमधून जुना अर्ज काढला. तळाला, त्याचं काम पाहणारा म्हणून, 'वाचले' असं लिहून माझी सही होती.

"तुम्ही तेव्हाच वाचला असतात तर," तो म्हणाला, आणि फाइल बंद केली.

मी धावत प्रयोगशाळेत आलो. बूट जड झाले होते. चालताना आत पाणी वाजत होतं.

मोरीतला नळ बंद झाला होता. कुणीतरी सावकाश हात पुसत होतं.

मी रजिस्टर ओढलं. नऊ नंबरची टाकी.

पुढचे सहा दिवस भरलेले होते. सहाही रकान्यांत 'पिण्यास योग्य', आणि अक्षर तिरकं, घाईचं, माझं.

सातवा रकाना कोरा होता.