खिडकीतल्या मांजरांचा नकाशा

वाचनालयात शिरलेला तो तरुण खांद्यावरचा बर्फही न झटकता थेट भिंतीवरच्या नकाशासमोर उभा राहिला.

"हे कुणी केलं?"

"मी!" ऑड्रा लगबगीने पुढे आली. कौतुक ऐकायला ती अधीर झाली होती. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या त्यांच्या गावात पाखरं का कमी झाली, याचा अभ्यास तिने कॉलेजसाठी केला होता. मांजरं पाखरं मारतात, म्हणून ज्या घरी मांजरं जास्त, तिथे लाल ठिपका मोठा.

त्याने सगळ्यात मोठ्या ठिपक्यावर बोट टेकवलं. "मी एमेट. हे माझं घर."

"अय्या, एवढी मांजरं तुमची?"

"माझीच... मातीची. मी कुंभारकाम करतो. खिडकीत वाळत ठेवतो त्यांना."

ऑड्राच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"दार वाजवलं होतंत?" त्याने विचारलं.

"गाडीतूनच मोजली... थंडी फार होती."

"आठवडाभर सगळे मला पाखरांचा खाटीक म्हणतायत." तो हसला, पण हसू टिकलं नाही. "शनिवारच्या बाजारात माझा एकही वाडगा खपला नाही."

तिला वर बघवेना. त्याच्या नखांत अडकलेली माती तेवढी दिसत होती. त्याने आवाज चढवला असता तर बरं झालं असतं.

"गुपचूप काढून टाका ठिपका," तो हळूच म्हणाला. "कुणाला कळणार नाही."

संध्याकाळी तिच्या अभ्यासावर बोलायला गाव वाचनालयात जमलं. ऑड्रा उठली.

"एमेटकडे एकही मांजर नाही. मी विचारलंच नाही. बाकीची घरंही... गाडीतूनच मोजली."

"म्हणजे माझी केसाळ टोपीपण मांजरात धरलीस का गं?" मागून एक म्हातारी ओरडली. सगळे खदखदले. ऑड्राने खाली मान घालून नकाशा भिंतीवरून उतरवला.

दुसऱ्या दिवशी तिने पहिलं दार एमेटचं वाजवलं. चिखलाने माखलेल्या हातांनी त्याने ते उघडलं.

"घरात मांजरं किती?" तिने कागदाकडे बघत विचारलं.

"एकही नाही. माणूस एक... एकटा."

"माणसं मोजत नाहीये मी."

"सगळ्यांसमोर एवढं कबूल केलंत. आता माझ्याकडे बघायची कसली भीती?"

"लाज वाटते... तुमच्यासमोर जास्तच."

"का?"

"तुम्ही आवडलात म्हणून," ती पुटपुटली, आणि मग कुठे तिने मान वर केली.

एमेट दारातून बाजूला झाला. "आत या. बाहेरून मोजलं की चुकतं तुमचं."