आत शून्य

घुमटाच्या मते आत तीन माणसं होती. प्रत्यक्षात आत एकवीस हजार टन गंधक होतं आणि माणूस एकही नव्हता.

"हे तिघं कोण?" पुण्याहून दुरुस्तीला आलेल्या हेरवाडकरांनी आकड्याच्या दिव्याकडे बोट दाखवत विचारलं.

"मीच," शर्वाणी म्हणाली. "गेल्या तिन्ही दिवसांची."

मोरवणे बंदराबाहेरच्या त्या स्फोटरोधक घुमटावर एका पाळीला एकच रक्षक असे; दिवसपाळीला शर्वाणी. जीव धोक्यात घालायचा तर एकाचाच, असा हिशेब. भोवती चारशे मीटर मोकळा माळ. तिथे काही बांधायचं नाही, कुणी फिरकायचं नाही. माळाच्या पलीकडे रखवालघर होतं आणि तिथे कुंदामावशींपाशी शर्वाणीची अडीच वर्षांची ओवी. नवरा जहाजावर. दिवसभरात शर्वाणीशी बोलणारं म्हणजे एक ओवी, फोनवर, आणि दुसरा घुमट.

"आत ठिणगी चालत नाही, म्हणून कॅमेरे नाहीत की हजेरीचं कार्ड नाही," हेरवाडकर सांगत होते. "काँक्रीटमध्ये काचेचे श्रवणतंतू पुरलेत, केसाएवढे. आग, कंप, तडा, सगळं त्यांना कळतं. पण गंधकाचे ढीग सारखे घसरतात, त्या खरखरीत माणसाचा आवाज सापडत नाही. म्हणून माणसांपुरतं फक्त उंबरठ्यावर ऐकायचं. आत जाताना बोला, बाहेर पडताना बोला. मुखनोंद."

"मग मी बोलतेच की."

त्यांनी कालचं ध्वनिमुद्रण लावलं. शर्वाणीचा थकलेला आवाज आला, "येते."

"तेव्हा तुम्ही बाहेर पडत होतात?"

"हो. मग निघताना काय म्हणू? जाते?" म्हणताच तिनं जीभ चावली.

हेरवाडकर मोठ्यानं हसले. "बघा! शब्दकोशातून शिकलाय हो तो. घरात कुणी वाढवलं नाही त्याला. येते म्हणजे आगमन, वजा काहीच नाही. रोज एक आत उरतो!"

"रिकाम्या घुमटात तीन माणसं दिसली तर बिघडलं काय?"

हेरवाडकरांचं हसू मावळलं. "आग लागली की तो वरून दरवाजा खाली सोडतो आणि आत नत्रवायू भरतो. प्राणवायू संपला की आग संपली. पण त्यात माणूसही संपतो. म्हणून आत कुणी आहे असं वाटलं, तर तो वायू सोडत नाही आणि दरवाजाही उघडा ठेवतो."

"आणि गंधकाची धूळ पेटली तर?"

"भिंती हलणार नाहीत. मग स्फोटाला वाट एकच."

दोघांनीही दरवाजातून समोर पाहिलं. सरळ रेषेत रखवालघर दिसत होतं. दोरीवर ओवीचे कपडे वाळत होते.

संध्याकाळपर्यंत दुरुस्ती झाली. 'आले' म्हणजे आगमन, 'येते' म्हणजे निर्गमन. शिवाय ज्याचा आवाज त्याचीच नोंद. "कॉलेजात मी अख्ख्या बाकाची हजेरी द्यायचो," हेरवाडकर म्हणाले, "ते इथे नको!" आणि ते पुण्याला गेले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता शर्वाणी मुखवटा गळ्यात अडकवून उंबरठ्यावर उभी राहिली.

"आले."

"आत एक," घुमट म्हणाला. इतक्यात उंबरठ्याजवळच्या कोनाड्यातला फोन वाजला.

"आई, तू चालली?"

"नाही गं राणी. मी येते हं."

"आत्ता?"

"येतेच. मावशीकडे दूध पी."

"फोन ठेवू नको!"

तिनं तो कोनाड्यात स्पीकरवर तसाच चालू ठेवला. निदान माझी पावलं तरी ऐकेल, असं तिला वाटलं. मुखवटा चढवून ती आत निघाली. पाठीमागे दिव्यातला एकचा आकडा पुसला गेला आणि तिथे शून्य उमटलं.

ढिगाला वळसा घालून ती पलीकडे पोचली, तेव्हा गंधक वाहून आणणाऱ्या पट्ट्याच्या बुडाशी निळी ज्योत दिसली. बोटाएवढी. ती अग्निशामक नळकांड्याकडे वळते न वळते तोच भोंगा झाला.

"आग. आत शून्य व्यक्ती. दरवाजा बंद होत आहे. साठ सेकंदांनी नत्रवर्षाव."

"मी आहे! आले! आले!" मुखवटा खेचून ती ओरडली. घुमटानं तिचा आवाज गोल फिरवून तिलाच परत दिला. उंबरठा शंभर पावलांवर होता. ती धावली. गंधकात पाय रुतत होते.

"अंतिम पृच्छा," घुमट म्हणाला. "आत कोण आहे?"

कोनाड्यातल्या फोनमधून उत्तर आलं. रोज संध्याकाळी दार वाजलं की मावशी "कोण आहे?" विचारायच्या आणि बाहेरून आई जे म्हणायची, तेच.

"मी आले!"

खाली येणारा दरवाजा कमरेएवढ्या उंचीवर थांबला. "एक अनोळखी व्यक्ती आत. नत्रवर्षाव स्थगित."

शर्वाणी दरवाजाखालून सरपटत बाहेर आली. मागे ज्योत आता पट्टाभर पसरली होती आणि पिवळी धूळ उठायला लागली होती. उघड्या फटीच्या समोर, नाकासमोर, रखवालघर.

"येते!" ती किंचाळली.

"आपण आधीच बाहेर आहात."

"अरे, आत कुणी नाही!"

हे वाक्य घुमटाला शिकवलेलं नव्हतं. ज्याचा आवाज त्याचीच नोंद. तिनं फोन उचलून कानाला लावला.

"मावशी, तिला 'येते' म्हणायला सांगा. लवकर!"

"काय गं, कसला भोंगा होतोय? ओवी, येते म्हण बाळा."

"नाही म्हणणार."

"ओवी, म्हण ना गं," शर्वाणी म्हणाली.

"नाही. येते म्हटलं की तू जातेस."

 इतके दिवस आपण लेकीला काय ऐकवत होतो, ते शर्वाणीला कळलं. तिनं फोन उंबरठ्याच्या श्रवणतंतूपाशी धरला आणि रोजच्यासारख्या आवाजात विचारलं, "मग तू येतेस का माझ्याकडे? ह्या मोठ्या गोल घराकडे?"

पलीकडून मग एक मोठा श्वास.

"येते!"

"अनोळखी व्यक्ती बाहेर. आत शून्य."

दरवाजा जमिनीला टेकला. आत वायू सुटल्याचा घरघराट पायांखालून जाणवला. वीस मोजेपर्यंत, चाळीस मोजेपर्यंत ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. काँक्रीट गप्प होतं. मग घुमट म्हणाला, "आग विझली."

"ऐकलंस का गं?" ती फोनवर म्हणाली. "ओवी?"

फोनमधून मावशींच्या हाका येत होत्या, लांबून, दाराबाहेरून. शर्वाणीनं मान वर केली. जिथे कुणी फिरकायचं नाही अशा त्या माळावरून, अनवाणी, दोन्ही हात पसरून ओवी पळत येत होती.