मेसेजमधली दुसरी बाई

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही पदरचं घातलेलं नाही.

गेल्या वर्षी गणपती विसर्जनानंतरचा गुरुवार. लोअर परळमधलं एक ऑफिस. दिवेलागणीची वेळ.

आमच्या लालबागच्या चाळीतली प्राची तिथे गॅस गळतीचे अलार्म विकायची. विकायची म्हणजे फोनवर. सोसायट्यांचे सेक्रेटरी अनोळखी नंबर उचलतात थोडेच? मग व्हॉइसमेलवर निरोप ठेवायचा. त्यात प्राचीचा हात धरणारं कोणी नव्हतं. आपलं नाव, एका वाक्यात काम, सावकाश नंबर, की फोन ठेवला. पाल्हाळ नाही, गयावया नाही. लोक आपणहून उलट फोन करायचे.

महिनाअखेरीला ती कायम होणार होती. घर तिच्या एकटीच्या पगारावर चालायचं.

त्या संध्याकाळी दादरच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी कारखानीस यांचा फोन आला.

"मेसेज ऐकला तुमचा. पण तुमच्यानंतर त्या दुसऱ्या बाई काय म्हणतायत?"

"दुसऱ्या कोण? मी एकटीच होते, सर."

त्यांनी मेसेज स्पीकरवर लावला.

आधी प्राचीचा आवाज. स्वच्छ. नंबर सांगून झाला. मग...

कुणीतरी श्वास घेतला.

"मी उर्मिला. कॉटन ग्रीनची. रात्रभर गॅस गळत होता... अलार्म वाजला नाही."

प्राचीने घाईने फोन ठेवला. तिने ऑफिसातलं रेकॉर्डिंग काढून ऐकलं.

त्यात ती एकटीच होती.

तेवढ्यात परळहून एकाचा फोन आला. मग गिरगावातून. दोघांचाही प्रश्न तोच.

ती तडक मॅनेजरच्या, विक्रांतच्या केबिनमध्ये गेली. तो हसेल असं तिला वाटलं होतं. पण उर्मिलाचं नाव ऐकलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"ती केस मिटलीय," तो म्हणाला.

"कुठली केस, सर? मी तर फक्त नाव सांगितलं."

"जास्त डोकं लावू नकोस. सगळ्यांना परत फोन लाव, नवीन मेसेज ठेव. कायम व्हायचंय ना?"

प्राची घाबरली होती, नाही कशाला म्हणा. पण तिचं डोकं आता तापलं होतं. टेबलावर गिऱ्हाइकांना दाखवायचा अलार्म होता, तो तिने प्लगला लावला. विक्रांतचा लायटर उचलला आणि न पेटवता त्यातला गॅस अलार्मच्या तोंडाशी सोडला.

एक नाही, दोन नाही...

हिरवा दिवा तेवढा निवांत जळत होता.

विक्रांत काही बोलायच्या आत ती आपल्या जागेवर आली. कारखानीसांना फोन लावला. पुन्हा व्हॉइसमेल. विक्रांत मागे येऊन उभा राहिला, तरी तिचा आवाज हलला नाही.

"मी प्राची. आमचा अलार्म वाजत नाही. घेऊ नका. आधी घेतला असेल तर त्याच्या भरवशावर झोपू नका." आणि नंबर दिला तो स्वतःचा.

"उद्यापासून येऊ नकोस," विक्रांत म्हणाला.

"उद्यापासून कशाला? ही निघाले." तिने पर्स खांद्याला लावली.

घरी आई दारातच उभी होती.

"गो, माझ्या फोनवर एका बाईचो फोन इल्लो. उर्मिला म्हणून कोणतरी. इचारीत होती, सगळ्यांका सांगून झाला काय?"

आईचा नंबर प्राचीने कोणालाच दिला नव्हता. तिने तो फोन हातात घेऊन पाहिला.

सकाळपासून त्यावर एकही कॉल आलेला नव्हता.

प्राची खाली बसली. ऑफिसातून लावून लावून पाठ झालेले जुन्या गिऱ्हाइकांचे नंबर आठवायला लागली. कॉटन ग्रीन. परळ. खोताची वाडी.

"नाही झालं अजून," ती मोठ्याने म्हणाली आणि पहिला नंबर लावला.

कंपनीने वकिलाकरवी धमकावून पाहिलं. ती बधली नाही. दुसरी नोकरी सांभाळून आजही फोन लावते. किती घरं उरलीत, तिलाही ठाऊक नाही.

फक्त निरोप सांगून झाला, की ती फोन झटकन कानापासून लांब धरते. तिच्यानंतर कोण बोलतं, ते तिला पुन्हा ऐकायचं नसतं.