तीन फाटक्या प्रती

कान तुटलेला एक कप.

एका संगीतकाराच्या पियानो-रचनांच्या दोनशे छापील प्रती, कोऱ्या करकरीत.

दुसऱ्याच्या तीन. त्याही फाटक्या.

आणि दारात एक माणूस, चेहरा पडलेला...

तो दुसऱ्या संगीतकाराचा पणतू. संगीत ग्रंथालयाच्या जिन्यात तो ग्रंथपालबाईंवर धडकला होता आणि पणजोबांच्या त्या तीन प्रती पायऱ्यांवर पसरल्या होत्या. तिने त्या वेचल्या. तेव्हापासून तो काहीबाही निमित्त काढून येतच राहिला. पणजोबांच्या काळी या दोघांपैकी लोकांचा लाडका कोण, हे ती ठरवणार होती. जो ठरेल, त्याच्याच रचना शहराच्या मैफलीत वाजणार होत्या.

आज तिचा अहवाल आला होता. पणजोबा हरले होते.

"सगळीकडे शोधलं हो, तुमच्या तीनच. मी तरी काय लिहू?"

"बरोबर आहे तुमचं." तो हसला, पण ते हसू ओठांतच विरलं. "येतो. आता निमित्तही उरलं नाही..."



वळता वळता त्याची नजर टेबलावर गेली. "हा मी दिलेला कप ना? काय दशा केलीत त्याची! आवडला नव्हता तर सांगायचं."

"आवडला नव्हता?" ती उसळली. "अहो, दिवसभर त्यातच चहा पिते मी! न आवडलेले कप त्या कपाटात आहेत. बघा कसे चकाचक—"

ती थबकली. तोंडाचा आ तसाच राहिला.

"काय झालं?"

ती कोऱ्या प्रतींकडे धावली. एक उघडायला गेली... पानं कडेला जोडलेलीच! तेव्हा ती घेणाऱ्यालाच कापावी लागत; छापखान्यातून आल्यापासून कुणी कापलीच नव्हती. दुसरी, तिसरी, दहावी... तशीच. तिने पणजोबांची प्रत घेतली. पान उलटायचा कोपरा बोटांनी काळा पडलेला. मेणबत्तीच्या मेणाचे थेंब. फाटलेली घडी चिकटवलेली, पुन्हा फाटलेली, पुन्हा चिकटवलेली.

"अरे देवा... वाजवून वाजवून संपवल्यात या! आणि मी नुसत्या मोजत बसले!"

तो मटकन खुर्चीत बसला. "म्हणजे पणजोबा... लाडके होते?"

"किती जणांचे, ते नाही सांगता येणार. पण ज्यांच्या हाती पडले, त्यांनी सोडलं नाही."

तो कपाकडे बघत राहिला. "आणि... कप देणारा?"

तिचे कान तापले. "अहवाल बदलावा लागेल."

"पणजोबांचा?"

"दोघांचाही. उद्या ये — आणि निमित्त आणू नकोस."

कपाचा कान पहिल्याच आठवड्यात तुटला होता, आणि नवा घे म्हणून आई तेव्हापासून तिच्या मागे लागली होती.