गोजरबाईंचा दात

त्या मे महिन्यात पाणी संपलं म्हणून आमच्या डेंटल कॉलेजचं हॉस्टेल रिकामं केलं. सगळे घरी पळाले, उरले मी एकटी, स्वरदा. माझ्या प्रयोगातल्या पेशींना कुठली आलीय सुट्टी! काढलेला दात आतून पोकळ करायचा, त्यात जिवंत पेशी भरायच्या आणि मेलेला दात पुन्हा जीव धरतो का ते बघायचं, हा माझा प्रयोग. बाकीचे सगळे दात वाया गेले होते. एकच तगला, सोयगावच्या गोजरबाईंचा, होळीच्या सुमाराला काढलेला. माझी डिग्री त्या एका दातावर अडली होती.

दातावरचा पोषक द्रव बदलताना तो आधी अंगाइतका कोमट करायचा असतो. त्या दुपारी उन्हानं डोकं कामातून गेलेलं. फ्रिजमधला तसाच गार ओतला, आणि मोबाइल वाजला.

“ताई, गोजरबाई बोलते. काढलेला दात लई ठणकायलाय वो.”

“अहो मावशी, दातच नाही तर ठणकेल काय?” मी हसले.

“गार पाण्याची कळ गेली बघा… पार डोस्क्यात.”

माझं हसू मावळलं. घाईघाईनं कोमट द्रव घातला. पलीकडून सुस्कारा आला. “आता बरं वाटलं, बाय.”

मग त्या रोज फोन करायच्या. जेवलीस का, टँकर आला का. मला विचारणारं तेवढंच एक माणूस होतं. मी त्या फोनची वाट बघायचे.

एक दिवस माझ्या गाईडनी, हिमांशू सरांनी फर्मावलं, “शनिवारी दात कापा. मायक्रोस्कोपखाली काप बघितल्याशिवाय डिग्री नाही.” मावशींना आधी सांगावं म्हणून पहिल्यांदाच मी फोन लावला. त्यांच्या मुलानं, कारभारीनं उचलला.

“आई? ताई, तिला जाऊन महिना झाला. टँकरच्या रांगेत हंडा लावून उभी होती, ऊन लागलं. फोन तवापासनं माझ्याच खिशात हाय.”

शनिवारी मी मशीनमध्ये दात बसवला. पात्यावर गार पाण्याची धार सोडली. मोबाइलवर तोच नंबर.

“ताई… नको ना गं…”

मी मशीन बंद केलं. सरांना सांगितलं, नमुना खराब झाला. डिग्री गेली.

आता हॉस्टेल भरलंय, बाहेर नव्या इमारती उठल्यात, पण माझ्याशी बोलायला कोणी नाही. मी अजून द्रव कोमट करते. काल मावशी म्हणाल्या, “एकटी नको राहू, बाय. इथं रांगेत माझ्या हंड्यामागं तुझा हंडा लावून ठेवलाय.”

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. सकाळपासून माझा एक दात ठणकतोय.